बोटभर माया

हेल्मेट म्हणजे डोक्याचा शर्ट, असं समजून मी त्या कामाला हात घातला. शर्टाला गळा असतो, ह्याला फट असते; शर्टाला बाह्या असतात, ह्याला नाहीत. म्हणजे उलट सोपंच. माणसाला आपल्या हातातल्या कलेचा माज असतो तो असा.

मी शिवणकाम करते. शाळांचे गणवेश, बायकांचे कपडे, कोणाच्या पँटची लांबी कमी कर, कोणाची कंबर वाढव. दुकान असं नाही. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन आहे, शेजारी कापायचं मोठं टेबल, आणि भिंतीला खिळ्यावर टांगलेल्या टेपा. माझा हात चांगला आहे, हे मी कशाला सांगू, खाली जाऊन कोणालाही विचारा. आमच्या धंद्यात एक शब्द आहे, माया. कापड कापताना शिवणीच्या रेषेबाहेर बोटभर जास्तीचं ठेवायचं. ते आत दुमडून बसतं, बाहेरून दिसत नाही. पोर वाढलं, बाई अंगाने सुटली, की शिवण उसवायची, ती माया बाहेर काढायची, आणि कपडा पुन्हा अंगाला येतो. गणवेश टाकायला येणारी प्रत्येक आई मला बजावते, "मावशी, माया भरपूर ठेवा हं." मला ते सांगावं लागत नाही. माझी कात्री रेषेवरून चालतच नाही, ती रेषेच्या बाहेरूनच चालते.

आता आमच्या मुलाबद्दल. त्याला घरात दादा म्हणतात. धाकट्या बहिणीने म्हणायला सुरुवात केली, मग आम्हीही म्हणायला लागलो, आणि ते चिकटलं. दादा शिकला, चांगल्या ऑफिसात लागला. एक दिवस तिथे मोठ्या साहेबांपुढे उभं राहून काहीतरी समजावून सांगायचं होतं. तो मध्येच अडकला. एकच शब्द पुन्हा पुन्हा यायला लागला, पुढचा येईना. समोरचं कोणीतरी फोनवर हे टिपत होतं. संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या ऑफिसात फिरलं. कोणीतरी त्या अडकलेल्या शब्दाला ताल जोडून त्याचं गाणं केलं म्हणे. मी ते पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही.

एवढंच झालं. कोणी मारलं नाही, कोणी कामावरून काढलं नाही. दादा घरी आला, खोलीत गेला आणि दार लावून घेतलं, ते लावलंच. नोकरी तिची ती गेली. मित्र दोनदा येऊन गेले, मग तेही थांबले. ताट दाराशी ठेवायचं, तो दार उघडून घ्यायचा, तेवढ्यात त्याचं तोंड दिसायचं. माझ्या दिवसाचा तो सगळ्यात मोठा कार्यक्रम. दाढी वाढली आहे, डोळे सुजलेत, आज जरा बरा दिसतोय, हे सगळं त्या एका क्षणात बघून घ्यायचं. विचारलं तर एकच उत्तर, "बाहेर सगळे बघतात." एक डॉक्टरीणबाई घरी येऊन दाराबाहेर बसून त्याच्याशी बोलून गेल्या. मला म्हणाल्या, घाई करू नका, दार लोटू नका, पण त्याला एकटंही सोडू नका. वा! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, हे आम्हाला आधीच माहीत होतं.

ह्यांचं, म्हणजे दादाच्या वडिलांचं, म्हणणं वेगळं. हे औषधांच्या गोदामाची गाडी चालवतात. आपण सकाळी गाडी सुरू करतो तसा मुलगाही किल्ली फिरवून सुरू होईल, असं त्यांना वाटायचं. "लाड झालेत, दुसरं काही नाही," हे म्हणायचे आणि मग बाजारातून येताना त्याच्या आवडीची बिस्किटं आणून गुपचूप माझ्या मशीनवर ठेवायचे.

त्या हेल्मेटची गोष्ट मला धाकटीने फोनवर सांगितली. ती लग्न होऊन दुसऱ्या गावी असते, पण दादा तिच्याशी लिहून लिहून बोलायचा. अंतराळातली कुठलीशी मालिका आहे. त्यात एक दिवेवाला आहे. दूर कुठेतरी ओसाड खडकावर तो एकटा राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या यानांसाठी दिवा तेवत ठेवतो. तो डोक्यावरचं हेल्मेट कधीच काढत नाही. ही मालिका बघणाऱ्यांचा मेळावा आमच्याच शहरात, प्रदर्शनाच्या मोठ्या हॉलमध्ये भरणार होता. लोक त्या मालिकेतले पोशाख घालून येतात. दादा त्यांच्याशी रोज बोलतो, त्यातल्या एकानेही त्याचा चेहरा पाहिलेला नाही.

"तो जाईन म्हणतोय, आई," धाकटी म्हणाली. "हेल्मेट झालं तर जाईन म्हणतोय."

मी हातातली पँट खाली ठेवली. घराबाहेर जाईन, हे त्याच्या तोंडचे शब्द. मला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.

हेल्मेट तो स्वतःच करत होता. ते मला कचऱ्याच्या डब्यात सापडलं. राखाडी फोमचे वाकडेतिकडे कापलेले तुकडे, ब्लेडने खरवडलेले, एकावर रागाने पाय आपटल्याचा ठसा. मी ते टेबलावर मांडले आणि दारावर टकटक केली.

"दादा, हे कशाला टाकलंस?"

"नाही जमत मला. जाऊ दे."

"मला दे. मी करते."

मग आतून आवाज आला, "आई, हे कापड नाहीये."

"नसू दे. कापायचं आणि जोडायचंच आहे ना?"

दाराखालून कागद सरकत आले. पाकळ्यांसारखे आकार छापलेले होते, प्रत्येकावर बाण आणि आकडे. संत्र्याच्या फोडी उलगडून ठेवाव्यात तसं डोकं उलगडून ठेवलं होतं. मला बरं वाटलं. नमुना कागदावर असला की मी कशालाही भीत नाही.

पण ते कागद कोणा परक्याच्या डोक्याच्या मापाचे होते. म्हणून माप घ्यायचं ठरलं. ते सांगायला मला फार वेळ लागणार नाही, पण घ्यायला लागला. दादा दुपारी पुढच्या खोलीत आला. मी आधीच पडदा ओढून ठेवला होता. तो स्टुलावर बसला, डोळे मिटले. मी टेप त्याच्या कपाळावरून मागे नेली. केस मानेवर आले होते, तेलाचा थेंब नाही. कितीतरी महिन्यांत मी त्याला हात लावला नव्हता. माप झालं तरी मी टेप धरूनच ठेवली.

"झालं?" त्याने विचारलं.

"थांब, कानावरून घ्यायचंय," मी खोटंच म्हणाले.

माप धाकटीला कळवलं. तिने तिकडे आकार कमी-जास्त करून नवे कागद छापून पाठवले. त्यांच्यावर लिहिलेलं होतं तेच माप, ना कमी ना जास्त. कागदाचा दोष काडीचाही नव्हता, हे मी मुद्दाम सांगते आहे.

मग रोज दुपारी आमची शाळा भरायला लागली. विद्यार्थीण मी, मास्तर भिंतीपलीकडे. दादा आतून फोनवर निरोप पाठवायचा, मी बाहेरून उत्तर द्यायचे. मधे एक भिंत, तीसुद्धा इतकी पातळ की त्याची खुर्ची कुरकुरली तर मला ऐकू यायची. पण त्याला लिहिणं सोपं जायचं, आणि लिहिताना तो अडकत नसे.

"फोम तापवला की वाकतो," त्याने लिहिलं. "गरम हवेची बंदूक मिळते. नसेल तर राहू दे."

बंदूक कशाला? घरात इस्त्री आहे. मी इस्त्री तापवली आणि ठेवली सरळ फोमवर. फोम वाकला नाही, तो इस्त्रीला चिकटला आणि काळा धूर करत वितळला. घरभर जळक्या टायरचा वास. हे तेवढ्यात जेवायला आले होते, दारातूनच ओरडले, "काय जाळलंस?"

"डोकं," मी म्हणाले.

आतून, दाराच्या पलीकडून, कोणीतरी नाकातून हसल्याचा आवाज आला. हे आणि मी, दोघंही जागच्या जागी थांबलो. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. मग हे जाऊन जेवायला बसले आणि जळक्या इस्त्रीबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही. संध्याकाळी केस वाळवायचं यंत्र घेऊन आले. "गरम हवाच हवी ना?" एवढंच म्हणाले. उंटावरचा शहाणा म्हणून मी त्यांना आयुष्यभर चिडवलं आहे, पण ते यंत्र चाललं.

फोम जोडायला चपलांना लावतात ते सोल्युशन लागतं. त्याची एक रीत आहे. दोन्ही कडांना लावायचं, वाळू द्यायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मग कडा एकमेकींना टेकवायच्या. टेकल्या की संपलं. "नीट बघून टेकव," दादाने लिहिलं. "मग सुटत नाही." मला हे पटेना. आमच्यात काहीही पक्कं करण्याआधी कच्चे टाके घालतात, अंगावर चढवून बघतात, मग मशीन. मी फोमला कच्चे टाके घालून पाहिले. दोरा फोम कापत सरळ बाहेर आला. टाचण्या लावल्या, त्या गळून पडल्या. न घालून बघता पक्कं करायचं, हा कसला धंदा? पण करणार काय, दुसऱ्याच्या घरात दुसऱ्याचे नियम.

हेल्मेटचा आकार मनात बसेना म्हणून एकदा मी दाराशी जाऊन म्हणाले, "तो तुझा दिवेवाला मला दाखव तरी." दार उघडलं. मी त्याच्या खोलीत, त्याच्या पलंगाच्या कडेवर बसले आणि आम्ही दोघांनी मालिकेचा एक भाग बघितला. मला त्यातलं अर्धं कळलं नाही. दिवेवाला कोणाशी बोलत नाही, कोणी त्याच्याशी बोलत नाही, येऊन-जाऊन एक दिवा पुसत बसतो.

"ह्याला घरचं कोणी नाही का?" मी विचारलं.

"आहे. पण लांब आहे. त्याचा दिवा त्यांना दिसतो."

"मग त्यांना कळतं ना, तो बरा आहे ते?"

"दिवा लागलेला दिसला तर कळतं," दादा म्हणाला.

मी पुढे काही विचारलं नाही. रडू आलं असतं तर त्याने पुन्हा दार लावून घेतलं असतं. मी फक्त कपाळावरचा दिवा कुठे बसवायचा ते नीट पाहून घेतलं आणि उठले.

दुसऱ्या दिवशी मी पाकळ्या कापल्या. फोमवर कागद ठेवला, खडूने रेघ मारली आणि कात्री चालवली. काय सुरेख कापल्या म्हणून सांगू! एकसारख्या, गुळगुळीत, कुठे खाच नाही. ब्लेडने खरवडलेल्या त्या जुन्या तुकड्यांशेजारी मी त्या मांडल्या आणि माझी मीच खूश झाले. सोल्युशन लावलं, वाळू दिलं, कडेला कड टेकवली. सगळ्या पाकळ्या एकमेकींना बरोबर जुळत होत्या. आधी डावा अर्धा, मग उजवा अर्धा. ते अर्धे जरा मोठे वाटले, नाही असं नाही. पण फोम जाड असतो, आणि हेल्मेट म्हटलं की ऐसपैस हवंच. मग दोन्ही अर्धे जोडले. समोरच्या फटीत काळी फिल्म लावली, कपाळावर ह्यांच्या जुन्या विजेरीचा दिवा बसवला, रंग दिला. उन्हात वाळत ठेवलेलं ते हेल्मेट बघून खालून जाणारी पोरं माना वर करून थांबत होती.

वाळल्यावर मी ते स्वतःच्या डोक्यावर घालून पाहिलं. ते खांद्यांवर जाऊन बसलं आणि मला सगळीकडे अंधार दिसला. माझं डोकं लहान, असं म्हणून मी ह्यांना बोलावलं. ह्यांचं डोकं काही लहान नाही. तेही आत बुडाले. आतून म्हणाले, "अगं, ह्यात पाहुणे राहायला येतील." नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे तर मोत्याच्या आत नाक हरवलं होतं.

मी ह्यांचा तसाच फोटो काढला आणि दादाला पाठवला. भिंतीपलीकडची खुर्ची कुरकुरली. मग निरोप आला, "आई, कापताना रेषेबाहेर काही सोडलंस का?"

मी लगेच लिहिलं. अभिमानाने लिहिलं, तेच आठवून आता लाज वाटते. "माया सोडली ना. नेहमीसारखी, बोटभर."

दार उघडलं. दादा बाहेर आला, भर दुपारी, पडदा ओढलेला नसताना. त्याने ह्यांच्या डोक्यावरून ते काढलं, हातात फिरवलं, कडांवरून अंगठा नेला.

"फोमला माया नसते, आई," तो म्हणाला. "कडेला कड लागते. आत काही दुमडत नाही."

मी टेबलावरच्या जुन्या तुकड्यांकडे बघितलं. माझ्या एकेका पाकळीला दोन्ही बाजूंनी बोटभर जास्त. पाकळ्या कितीतरी. आत लपायला जागा नाही म्हणून ती सगळी माया बाहेर आली होती आणि तिने डोक्याचं पिंप करून टाकलं होतं. मेळावा दुसऱ्या दिवशी होता. फोम संपला होता. आणि उसवावं म्हटलं तर सोल्युशन सुटत नाही. मी एका शिवणीत पातं घालून पाहिलं, तर शिवण राहिली शाबूत आणि शेजारचा फोम फाटला.

"हसतोस काय?" मी ओरडले. कारण दादा हसत होता. नाकातून नाही, तोंड उघडून. हेसुद्धा हसायला लागले. मला राग यायला हवा होता, पण मी म्हटलं, चूक झाली ते बरंच झालं म्हणायचं.

मग तो थांबला. हेल्मेट माझ्या हातात दिलं. "जाऊ दे, आई. नाही जात मी." आणि तो खोलीकडे वळला.

"जाणार कसा नाहीस?" मी म्हणाले. "मी आहे ना. भरते आतून."

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, पण नवरी मीच होते आणि माघार घेणार नव्हते. घरात खांद्याचे पॅड होते, उशीचा स्पंज होता, अस्तराच्या चिंध्या होत्या. मी आतून सगळं भरलं, त्यावर अस्तर लावलं. दादाने घालून पाहिलं. त्याने मान हलवली आणि हेल्मेट थोडं उशिरा हललं, पण हललं. "चालेल," तो म्हणाला. तो चालेल म्हणाला, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

सकाळी दादा आंघोळ करून, दाढी करून बाहेर आला. मी शिवलेला राखाडी पोशाख त्याला अंगावरच बेतल्यासारखा बसला होता. कपडा मला समजतो. ह्यांनी सुट्टी घेतली होती आणि खाली जाऊन गाडी सुरू करून ठेवली होती. हेल्मेट घालायच्या आधी दादाने माझ्याकडे बघितलं, आणि मी त्याचं तोंड डोळे भरून बघून घेतलं. गोरंमोरं, पण तयार.

मी पुढे, तो माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे. असे आम्ही जिना उतरायला लागलो. फटीतून पायाखालचं दिसत नाही, म्हणून मी प्रत्येक पायरीला "आता" म्हणायचे. आता, आता, आता. त्याला चालायला शिकवताना मी असंच म्हणत असे. एक मजला उतरलो. माझ्या खांद्यावरचा हात घट्ट होता.

मधल्या वळणावर खालच्या मजल्यावरच्या काकू भाजी घेऊन वर येत होत्या. बाई मनाने वाईट नाही, फार बोलकी एवढंच.

"अगंबाई, हे कोण?" त्या हसल्या. "किती छान केलंय! थांब, थांब, नातवाला दाखवते." पिशवी खाली ठेवून त्यांनी फोन काढला आणि समोर धरला.

माझ्या खांद्यावरचा हात गळून पडला.

मी वळून बघितलं. हेल्मेट काकूंच्या फोनकडेच बघत होतं, ताठ, जरा ऐटीतच म्हणा. पण त्याची मान मला दिसत होती. मान वळली होती, भिंतीकडे. आतला पॅड सरकला असावा. दादा आत पाठ फिरवून उभा होता आणि हेल्मेट एकटंच समोर बघत राहिलं होतं.

"आई," आतून आवाज आला, अगदी हळू. "त्यांना सांग."

"काय सांगू, राजा?"

"मी... मी... मी..." तो शब्द तिथेच फिरत राहिला. मला वाटलं, मी तो शब्द हाताने ओढून बाहेर काढावा. काकूंचा फोन अजून वरच होता. "मी घरी नाही म्हणून सांग."

मी काय करायचं होतं? काकूंच्या हातातून फोन हिसकावायचा होता का? त्याला ओढत खाली न्यायचं होतं का? खाली गाडीचं इंजिन चालू होतं, ते ऐकू येत होतं. मी काकूंकडे वळले आणि माझ्या मुलाच्या समोर उभी राहून म्हणाले, "तो घरी नाहीये."

काकूंनी हेल्मेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. काय समजल्या कोण जाणे, पण फोन खाली केला, पिशवी उचलली आणि अंग चोरून वर निघून गेल्या.

दादा भिंत चाचपत मागे वळला. मी मागून "आता, आता" म्हणत होते, पण वर जाणाऱ्याला पायरी सांगावी लागत नाही. खोलीचं दार लागलं. काही वेळाने खालचं इंजिन बंद झालं. हे वर आले, माझं तोंड बघितलं. जाऊन दादाच्या दाराबाहेर बसले, पेपर उघडून. वाचत काही नव्हते.

नवा फोम मी दुसऱ्याच दिवशी आणला. दाराशी जाऊन म्हणाले, "ते जुनं बाहेर दे. टाकून देते. नवीन करते, बरोबर मापाचं."

"असू दे," दादा म्हणाला.

"अरे, बसत नाही ते तुला."

"घरात बसतं."

मला त्याचा अर्थ दुपारी कळला. ताट ठेवलं, दार उघडलं, आणि ताट घ्यायला हेल्मेट आलं. संध्याकाळी पुन्हा हेल्मेट. दुसऱ्या दिवशीही. माझ्या दिवसातला तो एक क्षणही गेला. दाढी वाढली आहे का, डोळे सुजलेत का, काही कळायला मार्ग नाही. राखाडी पिंपावर एक काळी फट, बस. हे मी केलं. ह्याच हातांनी कापलं, जोडलं, आतून मऊ अस्तरही लावलं. मापाचं झालं असतं तर घाम येऊन, टोचून त्याने ते कधीच काढलं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंब कोणाच्या नावाने मारायची?

डॉक्टरीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, ओढून काढू नका.

मग एका दुपारी हे जेवत होते आणि मी वाढत होते. दार उघडलं. ताट घ्यायला आला असेल म्हणून मी ताट पुढे केलं, पण तो थांबला नाही. हेल्मेट घालून चालत आला, खुर्ची चाचपून ओढली आणि आपल्या जुन्या जागी बसला. त्या खुर्चीवर इतके दिवस माझे कापडाचे गठ्ठे असायचे, ते त्या दिवशी कसे नव्हते देव जाणे. ह्यांचा घास हातातच राहिला. ते काहीतरी बोलणार, तेवढ्यात मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पाणी प्यायले.

मी ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि दादा जेवायला लागला. हेल्मेट इतकं मोठं होतं की खालून हात सहज आत जात होता. भाताचा घास खालून आत जायचा आणि हात रिकामा बाहेर यायचा. मी बघत राहिले.

"आत गरम नाही होत?" ह्यांनी अखेर विचारलं. जपून, परक्या घरी विचारावं तसं.

"नाही," आतून आवाज आला. "जागा आहे."

हेल्मेटचं तोंड माझ्याकडे होतं. तो खरा कुठे बघत होता, माझ्याकडे की भिंतीकडे, ते बाहेरून कळत नव्हतं. कपाळावरचा दिवा बंद होता. लाव म्हणावं असं वाटलं, पण नाही म्हटलं. ताटातला भात संपत आला होता.

"अजून वाढू?" मी विचारलं.

हेल्मेट हललं नाही. मग आतून आवाज आला, "वाढ."

मी वाढलं, आणि हाताच्या सवयीने जरा जास्तच वाढलं.